एडिस्टनच्या खडकावरील दीपगृहे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथ नावाचे प्रसिद्ध बंदर आहे. या बंदराच्या नैर्ऋत्येस सुमारे १४ मैलांवर भर समुद्रात तांबूस छटेच्या अतिकठीण खडकांचा एक लहानसा पुंजका आहे. त्यास एडिस्टन असे म्हणतात. ओहोटीच्या वेळी त्याचे काही सुळके पाण्याबाहेर डोकावतात. उधाणाची भरती आली म्हणजे ते जवळजवळ नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी नुसता फेस दिसतो. तेथे एखादे मोठे बेट असते, तर खलाशांना ते दुरूनच दिसले असते व त्यांनी आपली गलबते सुरक्षित अंतरावरून नेली असती. एडिस्टनचा खडक घातक ठरला तो मोठा होता म्हणून नव्हे, लहान होता म्हणून.

अटलांटिक महासागरातून इंग्लिश खाडीत शिरणाऱ्या गलबतांची वाट नेमकी या खडकाजवळून जाते. काळोखात वा धुक्यात किती गलबते त्यावर फुटली याची गणती नाही. त्याच्या धास्तीने कित्येक तांडेल आपले गलबत फार दक्षिणेस नेत, आणि मग फ्रान्सच्या बाजूच्या खडकांवर त्यांचा नाश होई. इ. स. १६९१ मध्ये प्लिमथजवळ आरमारासाठी गोदी बांधण्यास आरंभ झाला, तेव्हा या प्रश्नाची निकड अधिकच जाणवू लागली. खडकावर दिवा हवा हे सर्वांस कळत होते. तो तेथे उभा कसा करावा हे मात्र कोणास कळत नव्हते.

ही अडचण नीट समजून घेतली पाहिजे. किनाऱ्यावरील किंवा बेटावरील दीपगृह ही प्राचीन गोष्ट आहे. अलेक्झांड्रियाचे दीपगृह ख्रिस्तपूर्व काळातले. परंतु तेथे पायाखाली जमीन होती, कारागिरांस राहावयास जागा होती, दगड गाडीवरून आणता येत होता. एडिस्टनवर यांपैकी काहीच नाही. ज्या सुळक्यावर बांधकाम करावयाचे त्याचा माथा चिंचोळा, आणि तोही सपाट नसून एका बाजूस उतरता. काम करावयाचे ते फक्त उन्हाळ्यात, त्यातही समुद्र शांत असेल त्या दिवशी, आणि त्या दिवशीही ओहोटीचे मोजके तास. होडीतून खडकावर पाऊल ठेवता येणे हेच भाग्य समजावयाचे. शिवाय अटलांटिकच्या हजारो मैलांच्या मोकळ्या पाण्यावरून वाढत आलेली लाट या सुळक्यावर प्रथमच अडते. म्हणून तिचा सारा आवेग येथे खर्ची पडतो.

हे धाडस अंगावर घेणारा पहिला पुरुष हेन्री विन्स्टॅन्ली हा स्थापत्यविशारद नव्हता. तो चित्रे कोरणारा कलावंत होता. लंडनमध्ये पाण्याच्या कारंज्यांचे व गमतीदार यंत्रांचे खेळ दाखवून त्याने पैसा मिळवला होता. गलबतांच्या व्यापारात त्याने पैसे गुंतवले होते व त्याची गलबते एडिस्टनवर फुटल्यामुळे तो या कामास प्रवृत्त झाला, असे सांगतात. इ. स. १६९६ मध्ये त्याने कामास आरंभ केला. पहिला संपूर्ण उन्हाळा खडकात बारा भोके पाडून त्यांत जाड लोखंडी गज शिशाने बसविण्यात गेला. त्या वेळी इंग्लंड व फ्रान्स यांचे युद्ध चालू होते. १६९७ मध्ये एका फ्रेंच लुटारू गलबताने विन्स्टॅन्लीस खडकावरूनच पकडून नेले. चौदाव्या लुई राजास हे कळताच त्याने त्याची सुटका करविली. आपले वैर इंग्लंडशी आहे, मानवजातीशी नाही, असे राजा म्हणाल्याची आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडला तरी सुटका खरी. आणि एडिस्टनचा दिवा सर्व राष्ट्रांच्या नाविकांचा, ही जाणीव त्या काळीही होती, असा तिचा अर्थ घेण्यास हरकत नाही.

१४ नोव्हेंबर १६९८ रोजी दिवा प्रथम लागला. चोहोकडून महासागराचा मारा सोसणाऱ्या एकाकी खडकावरील जगातले पहिले दीपगृह म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. पहिल्याच हिवाळ्यात लाटांचे तुषार दिव्याच्याही वर उडू लागले, म्हणून पुढील वर्षी विन्स्टॅन्लीने मनोरा अधिक रुंद व उंच केला. त्याची जुनी चित्रे पाहिली की मौज वाटते. सज्जे, नक्षी, वाऱ्याची दिशा दाखविणारे भले मोठे निशाण, भिंतींवर लेख, आत शोभिवंत दिवाणखाना! एखाद्या हौशी सरदाराने बागेत बांधावा तसा तो मनोरा दिसतो. वाऱ्यास व लाटेस धरावयास जितके कोपरे द्यावेत तितके थोडेच, असे जणू त्याने ठरविले होते. परंतु विन्स्टॅन्लीस आपल्या कृतीचा इतका भरवसा होता, की मोठ्यातले मोठे वादळ होईल तेव्हा आपण त्या मनोऱ्यात असावे अशी इच्छा तो बोलून दाखवीत असे, असे सांगतात. ती इच्छा पुरी झाली. १७०३ च्या नोव्हेंबरात दुरुस्तीसाठी तो खडकावर गेला असता, तत्कालीन इंग्रजी पंचांगाप्रमाणे २६ तारखेच्या रात्री इंग्लंडच्या इतिहासातील एक अत्यंत भीषण वादळ झाले. सकाळी खडकावर काही वाकलेले गज व साखळीचा एक तुकडा एवढेच उरले होते. मनोरा, रक्षक व विन्स्टॅन्ली यांचा मागमूसही नव्हता. दोनच दिवसांनी व्हर्जिनियाहून तंबाखू घेऊन येणारे एक गलबत त्याच खडकावर फुटले. पाच वर्षांत दिव्याचे मोल काय होते हे कळावयास याहून दुसरा पुरावा नको.

दुसरे दीपगृह बांधणारा जॉन रडयर्ड हा तर लंडनमधील रेशमी कापडाचा व्यापारी. तरी त्याची दृष्टी विन्स्टॅन्लीपेक्षा पुष्कळच शुद्ध होती. त्याने शोभेस फाटा दिला व वर निमुळता होत जाणारा, गुळगुळीत, गोल मनोरा योजिला. गलबते बांधणारे दोन कसबी सुतार मदतीस घेतले. खडकाचा उतार पायऱ्या पाडून सपाट केला, म्हणजे वरील भार घसरणार नाही. आत ओकच्या लाकडाचे व दगडाचे थर रचले. गलबताच्या तळाशी नीरम भरतात त्याच हेतूने हे दगड होते. बाहेरून उभ्या फळ्या बसवून त्यांच्या फटी डांबराने बुजविल्या. थोडक्यात, रडयर्डने खडकावर एक गलबतच उभे करून खिळून टाकले. १७०८ मध्ये त्यात दिवा लागला व पुढल्या वर्षी काम पुरे झाले. ते ४७ वर्षे टिकले. लाकूड पोखरणाऱ्या समुद्रातील किड्यांमुळे त्यास वारंवार डागडुजी लागे, परंतु वादळांनी त्यास हलविले नाही.

या दीपगृहातील एका प्रसंगामुळे पुढे एक नियम रूढ झाला, असे म्हणतात. प्रारंभी तेथे दोनच रक्षक असत. त्यांपैकी एक मरण पावला. प्रेत समुद्रात टाकावे तर खुनाचा आळ आपल्यावर येईल, या भीतीने दुसऱ्याने ते तसेच जवळ ठेवले. समुद्र खवळलेला असल्यामुळे कित्येक दिवस कोणी तेथे पोहोचू शकले नाही. अखेर होडी आली तेव्हा त्या जिवंत माणसाची स्थिती काय झाली असेल याची कल्पनाच करावी. तेव्हापासून तेथे तीन रक्षक ठेवण्यात येऊ लागले.

रडयर्डच्या मनोऱ्याचा शेवट पाण्याने नव्हे, तर अग्नीने झाला. २ डिसेंबर १७५५ च्या पहाटे दिव्याच्या खोलीचे छत पेटले. हेन्री हॉल नावाचा रक्षक पहाऱ्यावर होता. त्याचे वय ९४ वर्षांचे होते, असे सांगत. तो बादलीने पाणी वर फेकीत असता छताचे वितळलेले शिसे त्याच्या अंगावर कोसळले. तिन्ही रक्षकांना होडीने वाचविले; परंतु शिसे आपल्या पोटात गेले आहे असे हॉल सांगे, त्यावर कोणी विश्वास ठेवीना. बारा दिवसांनी तो मरण पावला तेव्हा डॉक्टरांस त्याच्या जठरात सुमारे सात औंस वजनाचा शिशाचा गोळा सापडला. तो गोळा आजही एडिंबरो येथील संग्रहालयात आहे.

तिसऱ्या दीपगृहाचे काम रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांच्या शिफारशीवरून जॉन स्मीटन याच्याकडे आले. हा लीड्सजवळच्या एका वकिलाचा मुलगा. वकिली सोडून तो शास्त्रीय उपकरणे बनवू लागला होता आणि त्या वेळी अवघा ३१ वर्षांचा होता. मनोरा पुन्हा लाकडाचाच करावा, कारण लाकूड लवते आणि दगड लवत नाही, असे पुष्कळांचे म्हणणे होते. स्मीटनचे मत नेमके उलट पडले. जे हलते ते सैल होते; म्हणून मनोरा इतका जड व एकजीव असावा की लाटेने तो हलूच नये. परंतु दगड जड असला तरी सुटा असतो, आणि वादळात लाट एकेक दगड उपटून काढते. तेव्हा खरा प्रश्न होता तो असा, की शेकडो सुटे दगड परस्परांशी व खडकाशी कसे जखडावेत?

लंडनच्या रस्त्यांवर पादमार्गाच्या कडेचे दगड एकमेकांत अडकवून बसविलेले त्याने पाहिले होते. सुतार पेटीचा कोपरा जोडताना एका फळीस पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते पाडतो व दुसरीस तशाच खाचा करतो. असा दाता पुढे रुंद व मागे अरुंद असल्यामुळे ओढून निघत नाही. हीच युक्ती स्मीटनने दगडास लावली. प्रत्येक थरातील प्रत्येक दगड त्याने अशा आकाराचा घडविला, की तो शेजारच्या दगडांत गुंतून बसेल व बाजूने ओढता येणार नाही. खडकाच्या उतारावरही तशाच खाचा खोदल्या, आणि खालचे सहा थर त्या खाचांत गुंतवून माथा सपाट केला. जणू खडकच वर वाढत आला. आता थर थरावरून सरकू नये, म्हणून दोन थरांच्या मध्ये संगमरवरी ठोकळे घातले. त्यांचा अर्धा भाग खालच्या थरात व अर्धा वरच्या थरात जाई. मधोमध एक मोठा व भोवती आठ. दगड बसविल्यावर चुना घट्ट होईपर्यंत लाटेने तो उचलू नये, यासाठी त्यास भोके पाडून ओकच्या खुंट्यांनी खालच्या थराशी ठोकले. बाहेरील बाजूस कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट व आत पोर्टलंडचा दगड वापरला. कारण पहिला टणक आणि दुसरा घडविण्यास सोपा. सर्व मिळून १,४९३ दगड लागले. प्लिमथ येथे आवारात प्रत्येक थर आधी जमिनीवर जुळवून पाहत, सांध्यांवर खुणा करीत, आणि मगच दगड खडकावर नेत. भर समुद्रात छिन्नी घेऊन बसण्यास वेळ कोठला?

याहूनही महत्त्वाचा प्रश्न चुन्याचा होता. साधा चुना हवेत वाळतो व हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कठीण होतो. पाण्याखाली तो विरघळून वाहून जातो. येथे तर सांधा भरल्यावर काही तासांतच भरतीचे पाणी येणार. १७५६ साली स्मीटनने निरनिराळ्या ठिकाणच्या चुनखडीचा चुना करून त्याचे गोळे पाण्यात ठेवून पाहिले. तोपर्यंत सर्वांची अशी समजूत होती, की चुनखडी जितकी कठीण तितका चुना चांगला. स्मीटनला आढळले की चुनखडीच्या कठीणपणाशी याचा काही संबंध नाही. पाण्याखाली घट्ट होणारा चुना ज्या चुनखडीपासून निघे, ती नत्राम्लात विरघळविली असता तळाशी चिकणमातीचा गाळ उरे. शुद्ध चुनखडीत असा गाळ उरत नसे. म्हणजे ज्यास अशुद्धी म्हणून हिणवावे, तीच येथे गुणकारी ठरली. वेल्सच्या किनाऱ्यावरील ॲबरथॉ येथील निळसर चुनखडीचा चुना व इटलीतून आणलेली पोझोलाना नावाची ज्वालामुखीची माती समभाग घेऊन त्याने आपला दर्जाचा चुना तयार केला.

आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या व हौदांच्या बांधकामात चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळीत असत, हे विद्यार्थ्यांनी ऐकले असेल. इटलीची माती ज्वालामुखीने भाजलेली, आपली सुरखी कुंभाराच्या भट्टीने; चुन्याशी संयोग पावण्याचा गुण दोहोंत एकच. आपल्या गवंड्यांस हे अनुभवाने ठाऊक होते. स्मीटनने त्याचे कारण चिकणमातीत आहे हे प्रयोगाने दाखविले, आणि त्या वाटेने पुढे गेलेल्यांपैकी लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये ‘पोर्टलंड सिमेंट’ या नावाने एकस्व मिळविले. आज घरोघरी लागणाऱ्या सिमेंटच्या पोत्याचे मूळ शोधीत गेल्यास वाटेत एडिस्टनचा खडक लागतो.

मनोऱ्याच्या आकाराविषयी स्मीटनने ओकच्या झाडाचा दृष्टान्त दिला आहे: बुंध्याशी पसरलेला, वर वक्र होत निमुळता झालेला. हा दृष्टान्त फार लोकप्रिय झाला. परंतु मला तो तितकासा पटत नाही. झाडास वारा शेंड्याला झोडपतो व झाड लवते. मनोऱ्यास लाट पायथ्याशी धडकते व तो लवता कामा नये. मनोऱ्याच्या स्थैर्याचे खरे कारण हे, की तळाशी २६ फूट व माथ्याशी १७ फूट व्यास असल्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य खाली राहतो, आणि पायापासूनचा ३५ फुटांचा भाग बहुतांशी भरीव आहे. त्यावर एकावर एक चार खोल्या. खोल्यांची घुमटी छते भिंतींस बाहेर रेटू नयेत, म्हणून दगडांत खोबण करून तीत लोखंडी साखळ्यांचे वेढे बसविले व वरून शिसे ओतले. दिव्यासह एकूण उंची ७२ फूट.

१२ जून १७५७ रोजी सव्वादोन टन वजनाचा पहिला दगड बसला व २४ ऑगस्ट १७५९ रोजी शेवटचा. या कामावरील माणसांना आरमाराच्या भरतीसाठी सक्तीने पकडून नेऊ नये, म्हणून त्यांस ओळख पटविणारी खास पदके दिलेली होती. १६ ऑक्टोबर १७५९ रोजी दिवा लागला: फक्त २४ मेणबत्त्या! दर अर्ध्या तासाने त्यांच्या वाती कातराव्या लागत. त्याची आठवण देण्यास ठोके देणारे घड्याळ ठेवले होते. एवढ्या मोठ्या शिल्पाच्या माथ्यावर इतका क्षीण उजेड असावा, हे आज विचित्र वाटते. १८१० मध्ये मेणबत्त्या जाऊन तेलाचे दिवे व परावर्तक आले. मनोऱ्याची खरी परीक्षा मात्र १७६२ च्या जानेवारीतच झाली. त्या वेळच्या भयंकर वादळाने प्लिमथ परिसरात मोठी नासधूस केली. एडिस्टनचा मनोरा जसाच्या तसा राहिला. त्यानंतर शंका घेणारे गप्प बसले. स्कॉटलंडच्या बेल रॉकवर १८११ मध्ये रॉबर्ट स्टीव्हन्सन याने लावलेला दिवा याच पद्धतीच्या मनोऱ्यावर आहे. आणि मुंबईस कुलाब्याच्या टोकापुढे भरतीच्या पाण्यात उभे असलेले, १८७५ साली सुरू झालेले प्राँग्सचे गोल दगडी दीपगृहही त्याच कुळातले म्हणता येईल.

असे असूनही स्मीटनचा मनोरा आज एडिस्टनवर नाही. तो पडला नाही, जळला नाही, त्याचा एक सांधाही निखळला नाही. उणे पडला तो खडक. शंभराहून अधिक वर्षे लाटा मनोऱ्यावर आपटत होत्या आणि मनोरा तो आघात खाली खडकास देत होता. तेथे समुद्राने मनोऱ्याखालील कपार पोखरली. मोठी लाट आली की मनोरा थरथरू लागला. स्मीटनने इमारत खडकाशी इतकी एकजीव केली, की तिचे भवितव्य खडकाच्या भवितव्याशी बांधले गेले. १८७७ च्या सुमारास दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेने जवळच्या दुसऱ्या सुळक्यावर नवा मनोरा बांधण्याचे ठरविले.

ते काम जेम्स डग्लस याने केले. त्याच्याजवळ वाफेची गलबते होती व सिमेंट होते. प्रथम पायाभोवती विटांचा बांध घालून आतील पाणी पंपाने उपसून काढीत आणि मग ओहोटीच्या पातळीखालीही काम चालवीत. स्मीटनच्या पद्धतीत त्याने दोन सुधारणा केल्या. दगड शेजारच्या दगडांतच नव्हे, तर खालच्या व वरच्या दगडांतही दात्यांनी गुंतविले. दुसरी सुधारणा आकाराची. स्मीटनच्या मनोऱ्याचा पायथा वक्र असल्यामुळे लाट त्यावरून चढत जाऊन दिव्यापर्यंत उसळे. डग्लसने तळाशी ४४ फूट व्यासाचा व २२ फूट उंचीचा सरळ उभा चौथरा दिला. लाट त्यावर फुटते व तिचा जोर तेथेच मोडतो. मनोऱ्यास २,१७१ दगड लागले. १८ मे १८८२ रोजी त्यात दिवा लागला आणि त्याच वर्षी डग्लसला सर ही पदवी मिळाली. बरोबर शंभर वर्षांनी, १८ मे १९८२ रोजी, हे दीपगृह स्वयंचलित करण्यात आले; तत्पूर्वीच रक्षक तेथून गेले होते. माथ्यावर हेलिकॉप्टर उतरण्याची जागा केलेली आहे, आणि दर १० सेकंदांस दोन वेळा दिवा लकाकतो.

जुन्या मनोऱ्याचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. प्लिमथच्या नागरिकांस त्याचा नाश होणे रुचले नाही. त्यांनी वर्गणी जमविली. मनोऱ्याचा वरचा भाग दगड दगड उतरवून किनाऱ्यावरील ‘हो’ नावाच्या टेकडीवर नव्या चौथऱ्यावर पुन्हा उभारण्यात आला आणि २४ सप्टेंबर १८८४ रोजी तो लोकांस खुला झाला. तेथे आजही वर चढून जाता येते व आकाश निरभ्र असल्यास दूरवर डग्लसचा मनोरा दिसतो. त्याच्या शेजारी एक आखूड खुंट दिसतो, तो स्मीटनच्या मनोऱ्याचा भरीव पाया. खालचे ते थर एकमेकांत व खडकात इतके रुतलेले होते की ते उकलता आले नाहीत, म्हणून तेथेच सोडून द्यावे लागले. ज्या सुळक्याचा भरवसा सरला म्हणून मनोरा हलविला, तो सुळकाही अजून उभा आहे आणि त्यावरचा तो खुंटही.